मुलाखत आणि साक्षात्कार

प्रास्ताविक

नवा रायपूर येथील एखाद्या कार्यालयाकडून मराठी घरात पत्र येते. पत्र हिंदीत असते आणि अमुक तारखेला 'साक्षात्कार' आहे, असे त्यात कळविलेले असते. मराठी माणसाला साक्षात्कार हा शब्द संतचरित्रांतून परिचयाचा. तो व्हायचा तर परमेश्वराचा. हिंदीत मात्र त्याचा रोजचा अर्थ नोकरीसाठी घेतली जाणारी मुलाखत असा आहे. उलट मराठीतील 'मुलाखत' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द हिंदीत 'मुलाक़ात' या रूपात साध्या गाठीभेटीसाठी वापरला जातो. मुलाखत ही देवदर्शनाइतकी दुर्लभ नाही आणि सहज भेटीइतकी सैलही नाही. ती एका ठरावीक कामासाठी, थोड्या वेळात होणारी चौकशी असते. ज्यांचे शालेय शिक्षण मध्येच खंडित झाले आणि ज्यांनी पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा दिल्या, अशा उमेदवारांनी या चौकशीला कसे सामोरे जावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले. त्यानंतर जुन्या रायपूर शहराच्या आग्नेयेस, शेते आणि खेडी यांच्या परिसरात नवी राजधानी आखण्यात आली. २०१२ मध्ये मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले. विभागप्रमुखांची कार्यालये इंद्रावती भवनात आहेत. २०१८ मध्ये या नगराच्या नावाला 'अटल नगर' हे शब्द जोडण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. शासनाच्या पाठोपाठ विधी विद्यापीठ, व्यवस्थापन संस्था, रुग्णालये, क्रिकेटचे मोठे स्टेडियम, जंगल सफारी असे बरेच काही येथे उभे राहिले. जेथे इमारती उभ्या राहतात तेथे स्वागतकक्ष, नोंदणी, सुरक्षा, उपाहारगृह, भांडार, ग्रंथालय अशा कामांसाठी माणसेही लागतात. त्या कामांसाठी परिसरातील खेड्यांतून उमेदवार येतात, तसेच रायपूरच्या तात्यापारा भागातील मराठी घरांतूनही येतात. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले, तेव्हापासून मराठी भाषा या प्रदेशात नांदते आहे.

उमेदवाराने प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. प्रत्येक नोकरीला मुलाखत असतेच असे नाही. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधील अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली. अशा पदांची निवड लेखी परीक्षेवर होते; टंकलेखनासारखे कौशल्य तपासायचे असेल तर त्याची वेगळी चाचणी घेतली जाते, पण ती केवळ उत्तीर्ण होण्यापुरती असते. छत्तीसगढमध्येही तृतीय श्रेणीच्या पुष्कळ पदांसाठी व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'व्यापम', लेखी परीक्षा घेते. मुलाखत भेटते ती लोकसेवा आयोगाच्या वरिष्ठ पदांना, कंत्राटी पदांना (हिंदी जाहिरातीत यांना 'संविदा' पदे म्हणतात), शाळा-रुग्णालयांना आणि खाजगी नोकऱ्यांना. ज्या पदाला मुलाखतच नाही त्या पदासाठी 'मुलाखतीत पास करून देतो' असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याचा हेतू ओळखण्यास अधिक पुरावा लागू नये.

मुलाखत कमी करण्यामागे कारण आहे. लेखी उत्तरपत्रिका पुन्हा तपासता येते. बोललेला शब्द हवेत विरतो. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाविषयी अजय हासिया यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेथे लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५० गुण होते. उमेदवारामागे सरासरी दोन-तीन मिनिटेच दिली गेली आणि प्रश्न विचारले गेले ते आईवडील कोण, राहता कोठे, अशा स्वरूपाचे, अशी तक्रार होती. एकूण गुणांपैकी १५ टक्क्यांहून अधिक गुण अशा मुलाखतीसाठी ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करावे, अशी सूचनाही केली. पुढे १९८५ मध्ये अशोक कुमार यादव खटल्यात, हरियाणाच्या राज्यसेवा भरतीसंबंधी निकाल देताना, सर्वसाधारण उमेदवारांसाठी मुलाखतीचे गुण १२.२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, असे सांगण्यात आले. आज संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत.

हा प्रश्न छत्तीसगढला परका नाही. राज्याच्या लोकसेवा आयोगाच्या २०२१ च्या परीक्षेतील निवडींविषयी गंभीर तक्रारी झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. अशा बातम्या वाचून 'सगळे आधीच ठरलेले असते' असे म्हणत अनेक उमेदवार तयारीच सोडून देतात. हा राग समजण्यासारखा आहे, परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. ज्याची ओळख नाही त्याच्याजवळ तयारीवाचून दुसरे साधन नसते. तेच त्याने टाकले तर मग त्याच्या हाती काय उरते?

मुलाखत घेणाऱ्यांना नेमके काय हवे असते? एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी संशोधकांनी निवडीच्या पद्धतींवरील ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उमेदवारागणिक वाटेल ते प्रश्न विचारण्यापेक्षा सर्वांना तेच, कामाशी निगडित प्रश्न विचारून ठरावीक कसोटीने गुण दिले, तर पुढे तो माणूस काम कसे करील याचा अंदाज अधिक बरोबर येतो, असे त्यांना आढळले. म्हणून जाणत्या समित्या 'तुमच्याविषयी सांगा' एवढ्यावर थांबत नाहीत. 'असा प्रसंग आला होता का? तेव्हा काय केले?' असे त्या विचारतात. येथेच शाळाबाह्य उमेदवाराला संधी असते. वर्गात बसलेल्या मुलाजवळ गुणपत्रिका असते. ज्याने दुकान सांभाळले, घरचा आजार काढला, ठेकेदाराकडे हजेरी लिहिली, त्याच्याजवळ प्रसंग असतात. अडचण एवढीच, की त्याला ते प्रसंग सांगण्यासारखे वाटत नाहीत.

एक उदाहरण पाहू. समजा, नवा रायपूर येथील एका रुग्णालयात नोंदणी कक्षासाठी मुलाखत चालू आहे. समोर एकतीस वर्षांच्या बाई आहेत. त्यांची शाळा आठवीनंतर सुटली; दहावी आणि बारावी त्यांनी मुक्त विद्यालयातून केली. संभाषण हिंदीत होईल. ते येथे मराठीत दिले आहे.

"आठवीनंतर दहावीपर्यंत एवढा खंड कसा पडला?"

"सर, घरची परिस्थिती फार वाईट होती. पण मी खूप कष्टाळू आहे. कोणतेही काम मनापासून करीन. एक संधी द्या."

या उत्तरात खोटे काही नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण हेच वाक्य त्याने सकाळपासून अनेकदा ऐकलेले असते. कष्टाळूपणा सांगून पटत नाही. त्यात विनवणी आली की बोलणाऱ्याचे काम झाकले जाते आणि केवळ गरज दिसत राहते. आता त्याच बाईंचे दुसरे उत्तर पाहावे.

"सर, मी आठवीत असताना वडील आजारी पडले आणि शाळा सुटली. पुढे सहा वर्षे मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नोंदणीचे काम केले. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण येत. ते काम करतानाच दहावी आणि बारावीच्या परीक्षा दिल्या."

"तेथे काही अडचण आली होती?"

"हो सर. एकाच नावाचे आणि आडनावाचे चार रुग्ण होते. एकदा एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती गेला. डॉक्टरांच्या लक्षात आले म्हणून औषध चुकले नाही. त्या दिवसापासून मी नावाबरोबर गाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव लिहू लागले. कागद देण्याआधी रुग्णालाच गाव विचारू लागले."

"आमच्या संगणकावरची नोंदणी जमेल?"

"मला हिंदीत आणि इंग्रजीत टंकलेखन येते. रुग्णालयाची संगणक प्रणाली मी वापरलेली नाही. ती मला शिकावी लागेल."

पहिल्या उत्तरात गुणांची नावे आहेत, दुसऱ्यात गुण आहेत. खंडाचे कारण एका वाक्यात संपले आणि बोलणे कामाकडे वळले. झालेली चूक लपवली नाही. तिच्यावर काय उपाय केला तेही सांगितले. जे येत नाही ते 'येत नाही' असे स्पष्ट म्हटले. रुग्णालयाला असाच माणूस हवा असतो, कारण नोंदणी कक्षातल्या माणसाने न येणारी गोष्ट येते म्हणून सांगितली, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. असे उत्तर ऐन वेळी सुचत नाही. आधी चार-पाच दिवस वही घेऊन बसावे; केलेली प्रत्येक कामे, त्यांतील आकडे, अडचणी आणि त्यांवर काढलेली वाट लिहून काढावी. पाठ मात्र करू नये. पाठ केलेल्या उत्तरात मध्येच प्रश्न आला की उमेदवार पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो, हे समित्यांना चांगले ठाऊक असते.

मुक्त विद्यालयाच्या प्रमाणपत्राविषयी हमखास प्रश्न येतो. त्याचे उत्तर अपराधी स्वरात देण्याचे कारण नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा एक प्रकल्प म्हणून १९७९ मध्ये या शिक्षणाची सुरुवात झाली, १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ती राष्ट्रीय पातळीवरील मंडळ आहे आणि तिची परीक्षा इतर मंडळांप्रमाणे लेखीच असते. एवढी माहिती शांतपणे सांगता आली की पुरे. त्यापुढे 'काम करीत असताना अभ्यासाला वेळ कसा काढला?' हा प्रश्न आला, तर तो संशय न मानता आमंत्रण मानावे.

पाठगत प्रश्न : दवाखान्यातील चुकीचा प्रसंग सांगितल्याने उमेदवाराची बाजू दुबळी झाली की बळकट? दोन-तीन वाक्यांत लिहा.

आता भाषेविषयी. रायपुरातील मराठी माणूस हिंदी उत्तम बोलतो. तरी घाईत आणि भीतीत घरची भाषा वर येते, आणि मराठी व हिंदी यांत सारखे दिसणारे पण निराळ्या अर्थाचे शब्द इतके आहेत की त्यांवर एक स्वतंत्र पाठ होईल. मराठीत 'मी खूप अभ्यास केला' म्हणजे पुस्तके वाचली. हिंदीत 'अभ्यास' म्हणजे सराव, आणि मराठी अभ्यासाला तेथे 'पढ़ाई' म्हणतात. 'शिक्षा' हा शब्द ऐकून मराठी माणूस दचकतो. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थान या नावातील 'शिक्षा' म्हणजे शिक्षणच. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. 'यातायात' तिकडे वाहतूक, इकडे त्रास. 'आपत्ति' तिकडे हरकत, इकडे संकट. समितीने 'आपको कोई आपत्ति तो नहीं?' असे विचारले, तर घरच्या संकटांची यादी सांगायची नसते! अर्जातही काळजी घ्यावी लागते. 'वर्ग' या रकान्यात इयत्ता लिहायची नसून सामाजिक प्रवर्ग लिहायचा असतो. जाहिरातीतील 'भृत्य' म्हणजे आपला शिपाई. हिंदीत 'सिपाही' हा पोलिसांत किंवा सैन्यात असतो.

शब्द चुकला तर दुरुस्त करून पुढे जावे. त्यावाचून नोकरी अडत नाही. मराठी घरात वाढणे हा हिंदीतील कामाला अडथळा नव्हे, हे सांगायला छत्तीसगढजवळ मोठे उदाहरण आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि दासबोध व लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हे मराठी ग्रंथ हिंदीत आणले. आणखी एक भाषा उमेदवाराच्या उपयोगी पडते, ती छत्तीसगढी. २००७ पासून तिला राजभाषेचा दर्जा आहे. खेड्यातून आलेला रुग्ण किंवा अर्जदार त्याच भाषेत बोलतो. जो उमेदवार ती समजतो त्याने हे आवर्जून सांगावे. अनेकजण ती 'बाजाराची बोली' म्हणून सांगायचीच विसरतात.

पोशाखाविषयी जेवढे लिहिले जाते तेवढे त्यात नाही. स्वच्छ, इस्त्रीचे, अंगाला सवय असलेले कपडे पुरतात. त्या दिवसासाठी विकत घेतलेले नवे बूट पाय चावतात आणि लक्ष तेथेच राहते. कागदपत्रांना मात्र अधिक वेळ द्यावा. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या दोन-दोन प्रती, फोटो, ओळखपत्र, पूर्वीच्या कामाचा दाखला आणि शासकीय पद असल्यास मूल निवास प्रमाणपत्र व रोजगार कार्यालयातील नोंदणी, हे सर्व एका धारिकेत क्रमाने लावावे. नावातील फरक ही मराठी उमेदवारांची नेहमीची अडचण. एका कागदावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, दुसऱ्यावर नुसते नाव-आडनाव, विवाहानंतर तिसरेच. पत्र येण्याची वाट न पाहता हे आधीच दुरुस्त करून घ्यावे किंवा त्याविषयीचे शपथपत्र करून ठेवावे.

नवा रायपूर जुन्या शहरासारखे नाही. जुन्या शहरात चौकात कोणालाही विचारले तरी पत्ता सापडतो. येथे रस्ते रुंद, अंतरे मोठी आणि पत्ते सेक्टरच्या क्रमांकांनी दिलेले. दुपारच्या उन्हात विचारायला माणूस भेटेलच असे नाही. लोकसेवा आयोग आणि व्यापम यांची कार्यालये सेक्टर १९ मध्ये आहेत, पण 'सेक्टर १९' एवढे रिक्षावाल्याला सांगून दारात पोहोचता येईल, असे गृहीत धरू नये. शक्य असल्यास आदल्या दिवशी जागा पाहून यावी आणि परतीच्या बसची किंवा गाडीची वेळही विचारून ठेवावी. धापा टाकीत खुर्चीवर बसलेल्या माणसाची पहिली पाच मिनिटे श्वास आवरण्यात जातात, आणि मुलाखत कित्येकदा पंधराच मिनिटांची असते.

स्त्री उमेदवारांना एक जादा प्रश्न भेटतो. लग्न कधी करणार, मूल झाल्यावर काय, घरचे पाठवतील का? पुरुषांना हे विचारले जात नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई केली होती; तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले आहे. तरीही प्रश्न येतात. त्या क्षणी वाद घालावा की नाही हे जिचे तिने ठरवावे. 'कामाच्या वेळा मला मान्य आहेत आणि त्या पाळण्याची व्यवस्था मी केली आहे' एवढे सांगून बोलणे कामावर आणणे बहुधा सोयीचे ठरते. प्रश्न मर्यादा सोडून जात असतील, तर अशा ठिकाणी नोकरी करायची की नाही याचा विचार उमेदवारानेही करावा. मुलाखतीत निवड दोन्ही बाजूंनी होत असते, जरी एका बाजूची गरज मोठी असली तरी.

म्हणूनच शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटल्यावर मान हलवून उठू नये. पाळ्या किती तासांच्या, साप्ताहिक सुट्टी कोणती, नेमणूक थेट संस्थेची की ठेकेदारामार्फत, भविष्यनिर्वाह निधी कापला जाईल का, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. पगाराची अपेक्षा विचारली तर 'आपण द्याल तो' हे उत्तर नम्र वाटते, पण त्यातून काहीच कळत नाही. तशाच कामाला परिसरात काय मिळते याची आधी चौकशी करून आकडा सांगावा. कागदावरचा पगार आणि हाती येणारी रक्कम यांतील फरकही विचारून घ्यावा. नेमणुकीआधी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा प्रशिक्षण शुल्क मागितले गेले, तर घरी जाऊन विचार करतो असे सांगून बाहेर पडावे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ताब्यात देऊ नयेत.

निवड न झाल्यास त्याच दिवशी संध्याकाळी वही उघडावी आणि विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहावेत. दुसऱ्या दिवशी निम्मे विसरले जातात. तीन-चार मुलाखतींनंतर त्या वहीत दिसू लागते, की प्रश्न बहुतेक तेच आहेत आणि आपण अडखळतो तीही जागा तीच आहे.

शब्दार्थ

धारिका – फाइल. संविदा (हिंदी) – करार, कंत्राट. अनामत – ठेव म्हणून घेतलेली रक्कम. अराजपत्रित – ज्या पदाची नेमणूक शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होत नाही असे. मनमानी – नियम न पाळता केलेले.

स्वाध्याय

१. अजय हासिया खटल्यातील मुलाखतीत कोणते दोष असल्याची तक्रार होती? त्यांपैकी कोणता दोष उमेदवारावर अधिक अन्याय करणारा वाटतो, ते सकारण लिहा.

२. 'आपण द्याल तो पगार' या उत्तराने उमेदवाराचे कोणते नुकसान होऊ शकते?

३. पुढील हिंदी शब्दांचा मराठीतील अर्थ आणि हिंदीतील अर्थ शेजारी शेजारी लिहा : अभ्यास, चेष्टा, यातायात, आपत्ति. आपल्या बोलण्यात येणारे असे आणखी दोन शब्द शोधा.

४. घरात, शेतात, दुकानात किंवा कारखान्यात केलेल्या एखाद्या कामात आलेली अडचण आणि तिच्यावर काढलेली वाट आठ ते दहा वाक्यांत लिहा. 'कष्टाळू', 'प्रामाणिक', 'मनापासून' हे शब्द वापरू नका. लिहून झाल्यावर ते न पाहता शेजारच्या व्यक्तीला सांगा आणि तिला मध्येच दोन प्रश्न विचारायला सांगा.